हरलेल्याने मारायची रेघ

पट्टी पहिल्यांदा आली तेव्हा बातम्या देणारी बाई कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीबद्दल सांगत होती. पडद्याच्या तळातून एक निळी पट्टी हळूच वर सरकली, तिने आधी पूल झाकला, मग बाईचे हात झाकले आणि मग तिच्यावर पांढरी अक्षरं उमटली. हे चॅनेल या स्वरूपात महिनाअखेरीस बंद होईल. एचडी घेण्यासाठी हिरवं बटण दाबा. नंतर आठवण करून द्यायला हवी असेल तर लाल. त्याने लाल दाबलं. पट्टी मुकाट्याने खाली गेली, बाईला हात परत मिळाले, पूल मात्र तोवर संपला होता. ही तीन तारखेची गोष्ट. आज एकोणीस, आणि लाल बटण तेवीस वेळा दाबून झालं होतं. हा आकडा त्याने मुद्दाम लक्षात ठेवला नव्हता. त्याच्या डोक्यात आकडे आपले आपण येऊन बसतात, आगाऊ पाहुण्यांसारखे, आणि उठायचं नाव घेत नाहीत.

चौतीस वर्षं त्याने गोदामातला माल मोजला होता. नळ, बिजागऱ्या, कड्या, कुलपं, स्क्रूची खोकी. तो दारात दिसला की हमाल एकमेकांना म्हणत, टोटल आले, आवरा. हे नाव त्याला आवडायचं, आवडत नाही असं दाखवायलाही आवडायचं. मोजणीला नवीन माणूस आला की तो त्याला पहिल्याच दिवशी दोन शब्द शिकवायचा, घट आणि वाढ. वहीपेक्षा माल कमी भरला तर ती घट. तिला घाबरायचं नाही; कुणी नेला असेल, कुठे फुटला असेल, उंदरांनी खोकं कुरतडून स्क्रू फळीखाली सांडले असतील. वहीपेक्षा माल जास्त भरला तर मात्र हातातली पेन्सिल खाली ठेवायची आणि खुर्ची ओढून बसायचं. घट झाली तर चोर बाहेर शोधता येतो. वाढ झाली की आधी आपलंच मोजणं तपासावं लागतं, आणि एकदा ते चुकलेलं निघालं की मग बाकीच्या पानांचं काय, हा प्रश्न सुरू होतो. हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की नवीन माणूस जेवणाच्या सुट्टीत हसायचा. बायकोही हसायची. म्हणायची, तुम्हाला जास्त सापडलं तरी रडू येतं, अवघड माणूस आहात.

तिला जाऊन तीन महिने झाले होते आणि अशा या माणसाला हिरवं की लाल एवढं ठरवता येत नव्हतं. मुलगी दुसऱ्या शहरातून रोज संध्याकाळी फोन करायची आणि हल्ली फोनच्या शेवटी हा विषय काढायची. तिचं म्हणणं सरळ होतं. टीव्ही एचडीचाच आहे, पाच वर्षांपूर्वी तिनेच आणून दिलेला, आणि त्याला जुना बॉक्स लावून ठेवणं म्हणजे नवा चष्मा घ्यायचा आणि त्याची काच पुसायची नाही, असं आहे. चष्मा हा शब्द ती सहज बोलून गेली. तिला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. हे तीन शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याला ठसका लागला, कारण हेच तीन शब्द, याच चढउताराने, त्याने अकरा महिने दुसऱ्याच माणसाला ऐकवले होते. मुलगी म्हणाली, बाबा, पुढच्या महिन्यात चॅनेलच नसेल. पैशांचा प्रश्न नव्हता. नवा बॉक्स कंपनी फुकट बदलून देणार होती. महिन्याचा फरक म्हणजे त्याच्या दाढीच्या ब्लेडांचा खर्च. प्रश्न हा होता की हिरवं बटण दाबल्यावर पडद्यावर काय दिसेल. आणि ते त्याला बघायचं नव्हतं.

टीव्हीसमोर तिची खुर्ची होती. हात असलेली, लाकडी, पायांना लोखंडी टोप्या. तीन महिने ती कुणी हलवली नव्हती. फरशी पुसायला येणाऱ्या बाईलाही त्याने सांगून ठेवलं होतं, पायांच्या मधून पुसा. ती खुर्ची पडद्याच्या इतकी जवळ होती की नवीन माणसाला वाटावं, टीव्ही दुरुस्त करायला कुणीतरी बसलं होतं आणि चहाला उठून गेलं. जमिनीवर रबरी आच्छादन होतं, त्यात पायांचे वळ उमटायचे. त्याच्या लक्षात ते आलं ती गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात, दुपारचं ऊन तिरकं आत आलं तेव्हा. भिंतीजवळ, जिथे वीस वर्षं खुर्ची होती, तिथे चार खोल खळगे होते. त्यांच्यापुढे वीतभर अंतरावर चार उथळ. मग पुन्हा चार. मग पुन्हा. असे सहा टप्पे, टीव्हीच्या दिशेने, जणू खुर्ची अकरा महिने पाऊल पाऊल चालत होती. गोदामात फळीवरच्या धुळीचा आकार बघून तो सांगायचा की इथून किती खोकी आणि किती दिवसांपूर्वी हलवली. आणि इथे, स्वतःच्या घरात, रोज संध्याकाळी तीन हातांवर बसून, त्याला फक्त एवढंच वाटलं होतं की हल्ली ही मधे मधे फार येते.

या घरात भांडणाचा निकाल लागायची एक पद्धत होती. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात दोघांची जुंपली, बाजाराच्या चौकात उतरायचं तर बस सात नंबरची की नऊ. तो सात म्हणाला. सातमध्ये बसले आणि दोघं शहराबाहेरच्या विटांच्या भट्टीपाशी उतरले. परत चालत येताना ती काही बोलली नाही, घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाचं डावं दार उघडलं, आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन रकाने आखले, डावा तिचा, उजवा त्याचा, आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. मारा रेघ, म्हणाली. माझ्या रकान्यात. तेव्हापासून हे चाललं. नियम तीन. खोडायचं नाही. रेघ हरलेल्याने मारायची, जिंकलेल्याच्या रकान्यात, स्वतःच्या हाताने. आणि ती मारत असताना जिंकलेल्याने शेजारी उभं राहायचं, पण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मुलीच्या अंगावरचं पुरळ कांजिण्यांचं की नुसत्या घामोळ्यांचं, पाण्याची टाकी कुठल्या वर्षी फुटली, चौथ्या मजल्यावरचा शिंपी लग्न करील की नाही, दार रंगवायला किती डबे लागतील. दर दहाव्या रेघेखाली आडवी रेघ, मोजायला सोपं. ती आघाडीवर होती, फार आघाडीवर. तिची दोनशे एकतीस, त्याची एकशे सत्त्याऐंशी. तिसरा नियम ती काटेकोर पाळायची, कमरेवर दोन्ही हात ठेवून उभी राहायची, ओठ मिटून, फक्त नाकपुड्या हसायच्या. त्याने तिसरा नियम एकदाही पाळला नाही. तो जिंकला की ऐकवायचा. जेवताना ऐकवायचा, पाहुण्यांसमोर ऐकवायचा, चार महिन्यांपूर्वीचा विजय काहीतरी निमित्त काढून पुन्हा टेबलावर आणून ठेवायचा. एकदा तर त्याने गोदामातून फोन करून ऐकवलं होतं. ती म्हणायची, तुमच्याशी हरणं परवडत नाही हो, भाडं फार पडतं. तो हसायचा. त्याला हे कौतुक वाटायचं.

टीव्हीच्या भांडणाची रेघ मात्र पडली नव्हती. निकालच लागला नव्हता. मागच्या वर्षी एका दुकानाच्या काचेत तिने एचडी बघितलं आणि घरी येऊन म्हणाली की आपल्याकडे सगळं पाण्यात बुडवल्यासारखं दिसतं. तो म्हणाला, चांगलं तर दिसतंय. ती म्हणाली, मग मी काय खोटं बोलते? तो म्हणाला, तू नाही, तो दुकानदार बोलतोय, तोंड तुझं आहे. दोघांना मजा आली. हे भांडण चवदार होतं, लांबवता येण्यासारखं, आणि या वयात अशी भांडणं सहज मिळत नाहीत. मग ती रोज काहीतरी पुरावा द्यायला लागली. आज अक्षरं फुटतायत. आज क्रिकेटचा चेंडूच दिसत नाही. एकदा बातम्या चालू असताना ती म्हणाली, या बाईचा डावीकडचा गाल कुणीतरी पुसून टाकलाय. त्याला इतकं हसू आलं की त्याने दुसऱ्या दिवशी गोदामात सगळ्यांना सांगितलं. आमच्या घरी बातम्या अर्ध्या गालाने देतात. हमाल हसले, कारकून हसला, आणि घरी येऊन त्याने तिला सांगितलं की सगळे हसले. तीही हसली. तिने खुर्ची पुढे ओढली. ती खुर्ची ओढल्याचा आवाज त्याला आता आठवतो, लोखंडी टोप्यांचा, रबरावर घासत गेलेला.

आता तो सगळं पुन्हा मोजत होता आणि माल वहीशी जुळत नव्हता. तिच्या डाव्या दंडावर नेहमी काळानिळा डाग असायचा, कारण ती दारांच्या चौकटींना धडकायची आणि सुताराला शिव्या द्यायची. विणकामातले टाके सुटायचे आणि लोकर वाईट निघायची. तिच्या ताटाच्या डाव्या अर्ध्या भागातलं जेवण तसंच राहायचं, बरोबर अर्ध्यातलं, मधे पट्टी ठेवून आखल्यासारखं. तो म्हणाला होता, तुझी भूक अर्ध्यावर आली हल्ली. ती ताटाकडे बघून म्हणाली होती, संपवलं की मी सगळं. यावरही एक छोटीशी जुंपली होती, आणि ती रेघ त्याला मिळाली होती, कारण त्याने ताट उचलून तिच्या नाकासमोर धरलं होतं. त्या रेघेबद्दल त्याने दोन दिवस ऐकवलं.

मग ती जिन्यात पडली. डावीकडची पायरी तिथे नव्हतीच, असं म्हणाली. हॉस्पिटलमधली डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेली, घाईत असूनही घाई न दाखवणारी. तिने हात बघितला, मग डोळ्यांत विजेरी मारली, मग विचारलं, दिसण्यात काही फरक वाटतो का, टीव्ही वगैरे बघताना? त्याने उत्तर दिलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण हिशेबाच्या प्रश्नांना तोच उत्तर द्यायचा. नाही, म्हणाला, टीव्ही तर रोज बघते, चुकवत नाही. डॉक्टरने तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं. म्हणजे त्याला तेव्हा वाटलं, ती त्याच्या मागच्या खिडकीकडे बघते आहे. तिची नजर त्याच्या खांद्यावरून थोडी बाजूने, बोटभर बाजूने, गेली. आणि ती म्हणाली, नाही, फरक काही नाही. नंतर डोक्याचं स्कॅन केलं. डोक्याच्या मागच्या बाजूला गाठ होती. वर्षभराची तरी असावी, डॉक्टर म्हणाली, सहा महिने आधी आला असतात तर. तिने वाक्य तिथेच सोडलं आणि कागद एकावर एक नीट लावले. मग चार दिवस घरी, मग ऑपरेशन, मग अकरा दिवस.

त्या अर्धवट वाक्याला त्याच्याकडे एक उत्तर होतं आणि तीन महिने तो त्याच उत्तराच्या आधाराने उभा होता. वर्षभर शक्यच नाही. आठ महिन्यांपूर्वी ती धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहून आली. बहिणीकडे एचडी होतं. ती परत आली तेव्हा त्याने बॅग हातातून घेता घेताच चिडवलं होतं, काय मग, स्वर्ग बघून आलात? आणि ती म्हणाली होती, काचेसारखं स्वच्छ. माशीचे पाय मोजावेत. तुमच्यासारख्याला तर तिथून उठवणार नाही कुणी. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी तिचे डोळे चांगले होते. म्हणजे दोष बॉक्सचा होता, आणि त्याचा गुन्हा एवढाच की तो चिकट आहे. चिकट असण्याने कुणी मरत नाही. पण हिरवं बटण दाबलं, नवा बॉक्स आला, आणि चित्र जुन्यासारखंच दिसलं तर? दोन्हींत काही फरकच नसला तर? मग पाणी पडद्यात नव्हतं. मग अकरा महिने ती रोज संध्याकाळी तीन हातांवरून त्याला सांगत होती, मला दिसत नाही, मला दिसत नाही, आणि तो म्हणत होता, चांगलं तर दिसतंय. लाल दाबलं की हे खोकं उघडत नव्हतं. तेवीस वेळा त्याने ते न उघडता परत फळीवर ठेवलं.

त्याच दुपारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, एका शाळेच्या कचेरीत टायपिंग करणारी, बोलायला लागली की मधे पूर्णविराम न टाकणारी. बहिणीचं अर्धवट राहिलेलं स्वेटर तिने नेलं होतं ते पुरं करून आणलं होतं. राखाडी, त्याच्या मापाचं. सुटलेले टाके उचलता उचलता नाकी नऊ आले म्हणाली, मग स्वतःच जीभ चावली, मग चहा कुणी करायचा यावर दोघांची थोडी ओढाताण झाली आणि तिनेच केला. चहा घेताना पट्टी वर आली. त्याने लाल दाबलं. चोविसावी.

"घेऊन टाका की भावोजी," ती म्हणाली. "ताई किती मागे लागली होती तुमच्या."

त्याला आपलं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मोजणीत दोन माणसं लागतात, एक मोजणारा आणि एक सही करणारा. म्हणून त्याने मुद्दाम विषय तिथे नेला. म्हणाला की तुमच्याकडचं बघून आली तेव्हा मात्र खूश होती, काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणाली.

मेहुणीने कप खाली ठेवला. स्वेटरची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"असं सांगितलं तुम्हाला?"

"हो. का?"

"नाही, काही नाही." मग घडीकडेच बघत, "तिला आमच्याकडेही दिसलं नव्हतं हो. खुर्ची ओढून पार पडद्याला नाक लावून बसली. म्हणाली, तुमचाही आमच्यासारखाच आहे गं, बुडालेला. मी म्हटलं ताई, डोळे दाखवून घे. दाखवते म्हणाली. पण ह्यांना सांगू नकोस."

"का?"

"चेष्टेत म्हणाली हो. हसत होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बॉक्स चांगलाय आणि माझेच डोळे वाईट, हे कळलं तर जन्मभर ऐकवतील." मेहुणीने हसायचा प्रयत्न केला, पण चेहरा अर्ध्या वाटेतूनच परतला. "मी विसरूनच गेले, भावोजी. चेष्टाच वाटली मला. तुमचं दोघांचं नेहमी असंच चालायचं ना."

तिची चूक नाही असं त्याने म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं. ती जाताना त्याने स्वेटर अंगात घातलं, तिला बरं वाटावं म्हणून, आणि डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे हे दोघांनीही बघितलं. दार लावून तो परत आला तेव्हा टीव्ही चालूच होता. त्याने तो बंद केला नाही. त्याला वाटलं होतं, आधाराचं लाकूड निघालं की माणूस पडतो. तो पडला नाही. तो स्वयंपाकघरात गेला, कारण डोकं चालेनासं झालं की त्याचे पाय मोजणीकडे वळायचे. कपाटाचं डावं दार त्याने तीन महिने उघडलं नव्हतं. साखर, चहा सगळं त्याने उजवीकडे हलवलं होतं. आता उघडलं. दोन रकाने, चौतीस वर्षांचे, काही रेघा इतक्या फिकट की बोटानेच कळाव्यात. डाव्या रकान्यातल्या त्याच्या हातच्या, सरळ, सारख्या उंचीच्या. उजव्या रकान्यातल्या तिच्या, तिरक्या, वाऱ्याने कललेल्या गवतासारख्या. त्याने डावा मोजला. दोनशे एकतीस. उजवा मोजला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

त्याने पुन्हा मोजलं. आडव्या रेघांनी मोजलं, मग एक एक करून मोजलं. एक जास्त होती. तो स्टुलावर बसला.

ती रेघ रकान्यात नव्हतीच. शेवटच्या ताटाच्या रेघेच्या शेजारी जिथे ती यायला हवी तिथून बोटभर उजवीकडे, आखलेली मर्यादा ओलांडून, दाराच्या कडेच्या लाकडी पट्टीवर होती. तिरकी, तिच्याच हातची. दोनदा दाबून गिरवलेली, त्यामुळे काळी. तिच्याभोवती बोटाचा अस्पष्ट डाग. आणि मग त्याला ती दुपार आठवली, ऑपरेशनच्या आधीच्या चार दिवसांतली तिसरी. तिने त्याला विणायच्या सुया आणायला पाठवलं होतं, तीन नंबरच्या, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला होता, आत्ता कशाला, विणणार आहेस का? ती म्हणाली होती, सगळं विचारून करायचं असतं का. तो चार दुकानं हिंडून सुया घेऊन आला तेव्हा ती याच स्टुलावर बसली होती, दमलेली, आणि तिच्या बोटांच्या टोकांना काळं लागलं होतं. शेगडी पुसली, म्हणाली. सुयांकडे तिने बघितलंही नाही.

तिने निकाल लावून टाकला होता. बॉक्स चांगला, डोळे वाईट. तो बरोबर, ती चूक. जिंकलेल्याला तिने बाजारात पाठवून दिलं आणि एकटीने उठून, चौकटीला धरून धरून येऊन, नियमाप्रमाणे आपल्या हाताने रेघ मारली. शेजारी उभा राहून तो काय काय बोलला असता ते तिला पाठ होतं. की नसता बोलला? त्या चार दिवसांत नसता बोलला. पण तिने ते अजमावून बघितलं नाही, आणि का बघावं, एकशे सत्त्याऐंशी वेळांचा अनुभव तिच्या गाठीशी होता. तो स्टुलावर किती वेळ बसला होता ते त्याला सांगता आलं नसतं. ही एकच गोष्ट त्याने त्या दिवशी मोजली नाही. बाहेरच्या खोलीतून जाहिरातीतलं गाणं येत होतं, संपत होतं, पुन्हा येत होतं. मग तो उठला, कारण तपासल्याशिवाय कुठलीही नोंद त्याने कधी मान्य केली नव्हती, स्वतःच्या फायद्याची तर मुळीच नाही. बाहेर येऊन पट्टीची वाट बघत उभा राहिला, आणि ती आल्यावर त्याने हिरवं दाबलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीची बाई आली. चाळिशीची, कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलण्यात दिवसाला आठ घरं करणाऱ्या माणसाचा आटोपशीरपणा. तिने जुना बॉक्स काढला, बॉक्सखालची धूळ तो पुढे व्हायच्या आत तिनेच पुसली, नवा लावला, तार बदलली. मग खुर्चीकडे बघून म्हणाली की काका, इथे बसून नका बघू, डोळे दुखतील, ही मागे घेऊ का? तो म्हणाला, राहू दे. ती वायरी गुंडाळत असताना त्याने तिला विचारलं, इतक्या हलक्या आवाजात की तिने गुंडाळणं थांबवलं.

"खरंच फरक असतो का हो? की म्हणायचं म्हणून म्हणतात?"

"डोळे चांगले असले तर दिसतो, काका," ती म्हणाली. "तुम्हीच बघा ना."

तिने बटण दाबलं, सही घेतली, जुना बॉक्स काखेत मारला आणि गेली. त्याने मान खाली घातली होती ती दार लागेपर्यंत वर केली नाही. मग केली. बातम्या देणारी बाई कुठल्याशा खाणीबद्दल सांगत होती. तिच्या कोटाच्या कापडाची वीण दिसत होती. मागच्या भिंतीला लाकडाच्या रेषा होत्या, त्याला इतकी वर्षं ती भिंत तपकिरी रंगाची वाटत आली होती. बाईच्या कानात बारीक खडे होते, तीन, खाली एक आणि वर दोन. आणि तिच्या डावीकडच्या गालावर, जबड्याच्या जरासा वर, एक तीळ होता. लहान, काळाभोर, मिरीएवढा. ही बाई दहा वर्षं रोज संध्याकाळी त्यांच्या घरात येत होती आणि तिच्या गालावर तीळ आहे हे त्याला माहीत नव्हतं. चांगलं तर दिसतंय, असं तो म्हणत आला होता. तिच्या डोळ्यांत दोष होता. पडद्यातही होता. दोन्ही खरं होतं, आणि दोघांपैकी फक्त तिच्याच बोलण्यात दोन्ही होतं. तिने मारलेली रेघ चूक होती.

पण पहिला नियम होता, खोडायचं नाही.

त्याने कपाटाचं दार उघडलं. पेन्सिल आतल्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेली होती, तिचं टोक झिजून गोल झालं होतं, तिने शेवटचं दोनदा दाबलं तेव्हाचं. त्याने डोळे मिटले. का ते त्याला सांगता आलं नसतं. तिच्यासारखं करून बघावं, एवढंच. डाव्या हाताच्या बोटाने त्याने तिच्या रकान्यातली शेवटची रेघ चाचपली, पेन्सिल टेकवली आणि ओढली. डोळे उघडले. रेघ सरळ आली होती, रकान्यात, शेजारच्या रेघेला समांतर, जिथे यायला हवी बरोबर तिथे. दोनशे बत्तीस. म्हणजे न बघताही जागा सापडत होती. चौतीस वर्षांत तिच्याही बोटांना ती पाठ असणार. तिने चाचपून मारली असती तर तिचीही नीट आली असती. तिने बघून मारली होती. दार उघडं धरून, डोळे ताणून, तिला जिथे त्याचा रकाना दिसला तिथे तिने ती मारली, आणि खात्री व्हावी म्हणून पुन्हा गिरवली. बोटभर. हॉस्पिटलमध्ये त्याच्या खांद्यावरून गेलेली नजरही बोटभरच बाजूला होती. ती खिडकीकडे बघत नव्हती. तो जिथे बसला आहे असं तिला दिसत होतं तिथे ती बघत होती, आणि त्याच्यासाठी नाही म्हणत होती.

त्याने पेन्सिल सोडली. ती दोऱ्यावर थोडी हलली, दारावर दोन-तीनदा टकटकली आणि थांबली. बाहेर बाई खाणीतल्या माणसांची संख्या सांगत होती, आत किती होते, वर किती आले. रेघ मारणाऱ्याची जागा सोडून तो एक पाऊल बाजूला सरकला, जिथे ती उभी राहायची तिथे, आणि राखाडी स्वेटरच्या कमी-जास्त बाह्यांतले दोन्ही हात कमरेवर ठेवून, नव्या रेघेकडे बघत, तिसऱ्या नियमाप्रमाणे काही न बोलता उभा राहिला.